कित्त्यापासून चित्रापर्यंत : इराणची आधुनिक अक्षरचित्रे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय आपणच निवडा असे मला सांगण्यात आले, तेव्हा शिक्षण, बेकारी किंवा समाजसुधारणा यांपैकी काहीतरी मी घेईन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. या विषयांचे जाणकार या व्यासपीठावर दरवर्षी येतात आणि आपण त्यांना लक्ष देऊन ऐकता. मी आज चित्रांविषयी बोलणार आहे, आणि तीही दूरच्या इराणातील. पण बिचकू नका. ज्या शब्दाने मी आरंभ करणार आहे तो आपल्या घरातलाच आहे. तो शब्द म्हणजे कित्ता.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कित्ता गिरवला असेल. वरच्या ओळीत गुरुजींचे वळणदार अक्षर आणि खाली आपली वेडीवाकडी नक्कल. हा शब्द मूळचा अरबी 'कितआ', म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनात उस्तादाने एका सुट्या कागदावर लिहून दिलेल्या मजकुराला हे नाव होते. शिष्य तो समोर ठेवून लिहीत असे आणि रसिक तोच कागद सोनेरी हाशियात मढवून जपून ठेवीत. आपली शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळेपणा. दौत, कलम, कागद हे शब्दही त्याच वाटेने आले. मोडीत लिहिणारा कारकून असो की बाळबोधीत लिहिणारा शास्त्री, त्याच्या बैठकीवरचे अर्धे सामान फारसी नावाचे होते. तेव्हा इराणी अक्षरांची गोष्ट आपल्याला अगदीच परकी म्हणता येणार नाही.

इराणात गेल्या साठ-पासष्ट वर्षांत एक चित्रप्रकार रुजला आहे. फारसीत त्याला 'नक्काशी-खत' म्हणतात. आपण मराठीत नक्काशी म्हटले की कोरीवकाम समजतो, पण तेथे नक्काशी म्हणजे चित्रकला आणि खत म्हणजे लेखन. या चित्रात झाड नसते, माणूस बहुधा नसतो, घरदार नसते. फक्त अक्षरे असतात, आणि पुष्कळदा ती वाचता येत नाहीत. आता तुम्ही विचाराल, वाचता न येणारे अक्षर कशाला लिहायचे? हाच प्रश्न इराणातील जुन्या खुशनवीसांनीही विचारला, आणि तो मुळीच चुकीचा नव्हता. आजचे सारे बोलणे या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. उर्दू माध्यमात शिकणारी आपली मुले ज्या वळणाने लिहितात ते नस्तालीक. चौदाव्या शतकात इराणात ते आकाराला आले आणि परंपरा त्याचे श्रेय मीर अली तब्रीझी यांना देते. अशी आख्यायिका आहे की हजरत अलींनी त्यांना स्वप्नात येऊन उडणारे हंस न्याहाळायला सांगितले, आणि त्या पंखांवरून अक्षरांना वळण सापडले. आख्यायिका खरी-खोटी कशीही असो, नस्तालीकची ओळ डोळ्यांसमोर आणा. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत खाली येतो, पाखरू फांदीवर उतरावे तसा. हे सौंदर्य वाटते तितके मोकळे मात्र नाही. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते. ते कागदावर टेकवले की एक चौकट-ठिपका उमटतो, तो नुक्ता. प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी आणि पोटाची खोली या नुक्त्यांनी मोजतात. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्त्यांचा. बोरू बदलला की नुक्ता बदलतो आणि त्याबरोबर सारे मापही बदलते. म्हणजे पट्टी बाहेरून आणावी लागत नाही, लिहिणाऱ्याच्या हातातच असते.

या हिशेबात हात बसायला वर्षे लागत. शिष्य एकच अक्षर शेकडो वेळा लिही. कागद महाग, म्हणून त्याच कागदावर आडवे, उभे, कागद फिरवून उलटे, पांढरी जागा संपेपर्यंत लिही. अशा कागदाला 'सियाह मश्क' म्हणतात, म्हणजे सरावाने काळा झालेला कागद. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजच्या विषयाची किल्ली त्यात आहे. सियाह मश्कमध्ये वाचण्यासारखे काही नसते. एका नूनच्या पोटात दुसरा नून बसलेला असतो. अर्धाच शब्द तीनदा येतो, एखादी लांब कशीदा साऱ्या गर्दीतून आरपार जाते. अर्थ केव्हाच गळून गेलेला असतो आणि उरते ती फक्त हाताची चाल. खरे तर हे टाकून द्यायचे कागद. पण इराणी रसिकांची नजर अशी की ते त्यांनी उचलून ठेवले. पुढे उस्ताद मंडळी मुद्दाम सियाह मश्क लिहून खाली सही करू लागली. एकोणिसाव्या शतकातील मिर्झा गुलामरझा इस्फहानी यांचे असे कागद पाहिले तर कोणीही त्यांना चित्रच म्हणेल. तेहरानच्या सिपहसालार मशिदीवरील लेख लिहिणाराही तोच हात. मशिदीच्या भिंतीवर तो काटेकोर असे आणि सरावाच्या कागदावर मनमुराद.

अक्षरांपायी माणसे काय मोलाला चढत आणि कसा जीव गमावीत, याचेही दाखले आहेत. नस्तालीकचा सर्वश्रेष्ठ उस्ताद मानला जाणारा मीर इमाद, शाह अब्बासच्या राजधानीत इस्फहानला १६१५ मध्ये मारेकऱ्यांच्या हातून मेला. दरबारातील स्पर्धा आणि बादशहाची खप्पामर्जी त्यामागे असल्याचे इतिहासकार सांगतात. त्याचा भाचा अब्दुल रशीद दैलमी हिंदुस्थानात आला, शाहजहानच्या पदरी राहिला आणि दारा शुकोहचा सुलेखनाचा गुरू झाला. आपल्या दख्खनमध्ये, विजापूरला, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने खलीलुल्लाह या इराणी खुशनवीसाला 'पादशाह-ए-कलम' म्हणजे लेखणीचा बादशहा हा किताब दिला. तलवारीच्या जमान्यात राजाने लेखणीला बादशहा म्हटले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे.

मग छापखाना आला. इराणात आरंभी शिळाप्रेस अधिक चालला, आणि त्यावर हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे छापता येई. मिर्झा रझा कल्होर या उस्तादाने नस्तालीकला शिळाप्रेसच्या गरजेप्रमाणे नवे, भरीव वळण दिले आणि नासिरुद्दीन शाहच्या काळातील वृत्तपत्रे लिहिली. १८९२ च्या कॉलऱ्यात तो गेला. त्यानंतर खिळ्यांच्या छपाईचे राज्य आले. खिळ्यांना नस्तालीकची उतरती चाल जमत नाही, त्यांना सरळ रेषेत बसणारे नस्ख वळण सोयीचे. इराणने ते स्वीकारले. आजही तेथील वर्तमानपत्रे, क्रमिक पुस्तके नस्खमध्ये निघतात. परिणाम असा झाला की नस्तालीक रोजच्या वाचनातून उठले. त्याची भाकरी गेली. १९५० मध्ये तेहरानला मीरखानी बंधू, अली अकबर कावे आणि इब्राहीम बुजरी या जाणत्यांनी सुलेखनाचे वर्ग सुरू केले आणि त्यांतून पुढे इराणी खुशनवीसांची 'अंजुमन' उभी राहिली. तो प्रयत्न ही कला वाचवण्याचा होता. ती चित्रात नेण्याचा विचार त्या गुरुजनांच्या मनात नव्हता.

तो विचार आला वेगळ्याच दिशेने, आणि माझ्या मते इराणी कलेच्या इतिहासातील हे सर्वात मजेदार वळण आहे.

तेहरानच्या जुन्या गल्ल्यांत 'सक्काखाने' असत. सक्का म्हणजे पाणी देणारा, भिश्ती. भिंतीत एक कोनाडा, त्याला पितळी किंवा लोखंडी जाळी, आत पाण्याचा हौद आणि साखळीने बांधलेला कटोरा. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून लोकांनी बांधलेली ही पाणपोई. मोहरममध्ये आपल्या गावोगाव जी सबील लागते तिचीच ही बारमाही बहीण. जाळीला नवसाची कुलुपे आणि कापडाच्या चिंध्या बांधलेल्या, मेणबत्त्या लावलेल्या, वर पितळेचा पंजा, सभोवती दुवा आणि नावे लिहिलेली. ताबूत आणि पंजे पाहिलेल्या महाराष्ट्रातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

१९५० नंतरच्या दशकात तेहरानमधील तरुण चित्रकार युरोपकडे तोंड करून उभे होते. पॅरिसमध्ये जे चालेल ते सहा महिन्यांनी आपण करायचे, असा एकंदर प्रकार. आपल्याकडेही तो होताच. त्यांतील दोघे मित्र, शिल्पकार परवीज तनावली आणि चित्रकार हुसैन झेंदेरूदी, दोघेही १९३७ साली तेहरानमध्ये जन्मलेले. तेहरानच्या दक्षिणेला रय येथे शाह अब्दुल अझीम यांचा दर्गा आहे. एकदा ते दोघे तेथे गेले आणि बाहेरच्या दुकानांतून यात्रेकरूंसाठी विकायला ठेवलेली स्वस्त छापील धार्मिक चित्रे त्यांनी विकत घेतली. त्यांतील साधे आकार, भडक रंग आणि मोकळ्या जागेत भरलेले बारीक लिखाण पाहून आपण इतके दिवस जे दूर शोधत होतो ते आपल्या रस्त्यावर पडले आहे, असे त्यांना वाटले. तनावलींनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. तावीज, आकड्यांच्या चौकटी, जंतर, नवसाच्या पट्ट्या हे सारे झेंदेरूदींच्या चित्रांत शिरले. १९५८ मध्ये लिनोवर कोरून छापलेले त्यांचे करबलाच्या प्रसंगाचे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१९६२ मध्ये तेहरानचे तिसरे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले. त्यात झेंदेरूदी आणि फरामर्ज पिलाराम यांची अशी चित्रे मांडली गेली. ती पाहून कलासमीक्षक करीम इमामी यांना सक्काखान्याची आठवण झाली, आणि या साऱ्या चळवळीला तेच नाव चिकटले. हे इमामी जन्माने कलकत्त्याचे, हे ओघात सांगून ठेवतो. नाव किती अचूक बसले पाहा! एखाद्या परदेशी 'वादा'चे नाव न घेता गल्लीतल्या पाणपोईचे नाव एका आधुनिक कलाचळवळीला मिळाले.

यांतील झेंदेरूदींचा मार्ग विशेष पाहण्यासारखा आहे. ते उस्तादाकडे बसून तयार झालेले खुशनवीस नव्हते. त्यांचे अक्षर दर्ग्यातल्या तावीज लिहिणाऱ्याचे, घाईचे, बारीक. पण त्याची संख्या! कागद भरून हजारो अक्षरे, मुंग्यांच्या रांगा चालाव्यात तशी. १९६१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. पुढे एकच अक्षर, एकच शब्द भल्यामोठ्या कॅनव्हासवर लहानमोठ्या आकारांत पुन्हा पुन्हा लिहिण्याची त्यांची पद्धत झाली. लांबून पाहिले तर शेत वाऱ्याने हलते आहे असे वाटते, जवळ गेले की अक्षर दिसते आणि आणखी जवळ गेले की अक्षरही उरत नाही, शाईचा फटकारा उरतो. १९७२ मध्ये पॅरिसला कुरआनची फ्रेंच भाषांतराची एक देखणी आवृत्ती त्यांच्या चित्रसजावटीसह निघाली.

त्यांच्या एका चित्राची हकीकत मात्र कलेच्या बाहेर जाते. १९६२ च्या या चित्राचे नाव 'के+एल+३२+एच+४', आणि त्याखाली 'माझे वडील आणि मी' असे उपनाव. ढोबळ आकृती, चौकटी, आकडे आणि सर्वांगावर पसरलेले लिखाण. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीचे हे चित्र बरीच वर्षे तसे विस्मरणातच होते. २०१७ च्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी इराणसह सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. त्यानंतर काही दिवसांतच संग्रहालयाने आपल्या मुख्य दालनांतून पिकासो, मातिस यांसारख्यांची काही चित्रे उतरवली आणि त्या जागी बंदी घातलेल्या देशांतील कलावंतांच्या कृती लावल्या. शेजारी कारण सांगणारी पाटी. त्यांत झेंदेरूदींचे हे वडील-मुलाचे चित्र होते. माणसांना दार बंद झाले तेव्हा पंचावन्न वर्षांपूर्वीची अक्षरे आत उभी राहिली. चित्रकला ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे असे मानणाऱ्या आपल्या काही वडीलधाऱ्यांनी या घटनेचा जरूर विचार करावा.

तनावलींनी तर कमालच केली. त्यांनी फारसीतील एकच शब्द निवडला, 'हीच'. हीच म्हणजे काही नाही, शून्य. तीन अक्षरांचा हा शब्द नस्तालीकमध्ये लिहिला की पहिल्या 'हे' अक्षराला दोन डोळे असल्यासारखे दिसतात आणि खाली शेपटीसारखे शरीर वळते. १९६५ पासून त्यांनी या शब्दाची शिल्पे घडवायला घेतली. ब्राँझचा हीच, रंगीत हीच, खुर्चीवर बसलेला हीच, दोन हीच एकमेकांना बिलगलेले, पिंजऱ्यात कोंडलेला हीच. हा शेवटचा, २००५ मधला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या पिंजऱ्याकडे पाहताना ग्वांतानामोच्या कैद्यांची आठवण व्हावी असा त्याचा रोख आहे. ज्याचा अर्थ काही नाही तो शब्द इराणी कलेतील सर्वांत ओळखीचा आकार होऊन बसला. सूफी वाङ्मयाची ओळख असलेल्याला यात हसूही येईल आणि मान डोलवावीशीही वाटेल.

अमेरिकेत गेलेले सियाह अर्मजानी, चामड्यावर आणि जुन्या कागदासारख्या पृष्ठभागावर काम करणारे सादिक तब्रीझी, अशी आणखी नावे या पिढीत आहेत. वेळेअभावी मी त्यांच्यापाशी थांबत नाही. पिलाराम यांचा उल्लेख मात्र करायलाच हवा. सुरुवातीला मोहरा, शिक्के, सोनेरी-रुपेरी चौकटी रंगवणारा हा चित्रकार हळूहळू अक्षरांकडे सरकला आणि अखेरच्या काळात त्याच्या कॅनव्हासवर एकमेकांत गुंतलेली प्रचंड नस्तालीक वळणे राहिली. १९८३ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो गेला.

आतापर्यंत सांगितले ते अक्षराकडे आलेले चित्रकार. आता दुसरी बाजू. जे मुळात खुशनवीस होते आणि चित्राकडे गेले, त्यांची. माझे मन खरे सांगायचे तर या दुसऱ्या मंडळींकडे अधिक ओढ घेते.

मशहदचे रझा माफी, १९४३ चा जन्म. अंजुमनच्या शिस्तीतला हात. त्यांनी सियाह मश्क कागदावरून उचलून कॅनव्हासवर आणली, तिला रंग दिला, आकार मोठा केला. म्हणजे शिष्याचा सरावाचा कागद भिंतीवर चित्र म्हणून लागला. १९८२ मध्ये, चाळिशीच्या आत ते वारले. नसरुल्लाह अफजई, १९३३ चे, बारीक अक्षरांच्या ओळींतून लाटा उठवतात. ओळीला ओळ घासून अशी जाते की समुद्राचा पृष्ठभाग पाहिल्यासारखे वाटते. आणि या सर्वांत मोठे मोहम्मद एहसाई. जन्म १९३९, गाव कझवीन, मीर इमादचेच गाव. त्यांनी अंजुमनमध्ये रीतसर सुलेखन शिकले आणि तेहरान विद्यापीठात ललितकला. त्यामुळे एका हातात नुक्त्याचे माप आणि दुसऱ्या हातात आधुनिक रचनेची जाण. त्यांच्या चित्रात अक्षरे एकमेकांना कड्यांसारखी गुंतलेली असतात. एक अक्षर दुसऱ्याच्या पोटातून जाते, परत येते, आणि सारे मिळून एक भरीव आकार काळ्या किंवा एकरंगी पृष्ठभागावर तरंगतो. अल्लाहचे नाव पुन्हा पुन्हा गुंफून केलेल्या त्यांच्या रचना प्रसिद्ध आहेत. नीट पाहिले तर कळते की कुठल्याही वळणाची जाडी हिशेबाबाहेर गेलेली नाही. अक्षर मोडले आहे, पण माप मोडलेले नाही.

हे कसे साधते? ज्याने वीस वर्षे अलिफ तीन नुक्त्यांचाच काढला, त्याला तो तीस नुक्त्यांचा कुठे करायचा हे ठाऊक असते. ज्याने कधी काढलाच नाही त्याचा लांब अलिफ नुसता लांब असतो. माझ्या शिक्षक मित्रांनी वर्गात गिरवण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांपुढे या माणसाची चित्रे जरूर ठेवावीत. उपदेशापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, पुढच्या वर्षी इराकशी युद्ध पेटले आणि ते १९८८ पर्यंत चालले. आधुनिक कलेचे बरेचसे प्रकार पाश्चात्त्य म्हणून संशयाखाली आले. पुष्कळ कलावंत देश सोडून गेले. पण अक्षराला कोण हरकत घेणार? ते धार्मिकालाही आपले वाटे आणि राष्ट्राभिमान्यालाही. अंजुमनचे वर्ग शहरोशहरी वाढले आणि मुलीही मोठ्या संख्येने शिकू लागल्या. हमदानचे जलील रसूली यांच्यासारखी रंगीत अक्षरचित्रे या काळात लोकप्रिय झाली. २०२१ मध्ये युनेस्कोने इराणच्या सुलेखन-जतनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची एक चांगला नमुना म्हणून नोंद केली. एक गोष्ट मात्र येथे नमूद केली पाहिजे. ज्या कलेला राज्यकर्त्यांची आणि बाजाराची एकदम मर्जी लाभते तिच्यात पोकळ मालही तितकाच तयार होतो. दिवाणखान्याच्या सोफ्याला जुळतील अशा रंगांत चार गरगरीत अक्षरे फिरवायची, कडेने सोनेरी वर्ख लावायचा आणि त्याला अध्यात्म म्हणायचे, असे ढीगभर काम झाले आहे. ते इराणातच आहे असेही नाही. दुबईपासून मुंबईपर्यंत हॉटेलांच्या भिंतींवर ते आपल्याला भेटते.

बाजाराचा विषय निघाला आहे तर तोही उरकतो. ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने एप्रिल २००८ मध्ये दुबईत जो लिलाव केला त्यात तनावलींचे १९७५ चे 'ओ पर्सेपोलिस' हे ब्राँझ अठ्ठावीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्या भिंतीसारख्या शिल्पावर प्राचीन कीलाक्षरांची आठवण देणारी पण वाचता न येणारी चिन्हे आहेत. त्याच लिलावात झेंदेरूदींचे 'चारबाग' सुमारे सोळा लाखांना आणि एहसाईंचे एक चित्र अकरा लाखांच्या वर गेले. त्याआधीच्या महिन्यात फरहाद मोशिरी या तरुण पिढीतील कलावंताने चमकत्या खड्यांनी लिहिलेला 'इश्क' हा शब्द दुसऱ्या एका संस्थेच्या लिलावात दहा लाखांवर गेला होता. मोशिरी २०२४ मध्ये वारले. त्यांचा तो 'इश्क' डोळे दिपवतो हे खरे. मला त्यापुढे गुलामरझांचा सरावाचा काळा कागद अधिक श्रीमंत वाटतो. पण हा आवडीनिवडीचा भाग झाला.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. पवित्र नावे, दुवा, आयती यांची अक्षरे अशी मोडून, गुंतवून, वाचता येणार नाहीत अशी करावीत का? हा प्रश्न आपल्या समाजात कोणी विचारला तर त्याला मागासलेला ठरवून मोकळे होऊ नये. त्यामागे शब्दाविषयीचा आदर आहे, आणि तोच आदर नसता तर ही कला जन्मलीच नसती. फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली, इस्फहानच्या जुन्या मशिदींच्या भिंतींवर विटांच्या रांगांतून चौकोनी कूफी वळणात अल्लाह, मुहम्मद आणि अली ही नावे लिहिलेली आहेत. ती इतकी भौमितिक आहेत की कोणी दाखवून दिल्याशिवाय सामान्य माणसाला वाचता येत नाहीत. शेकडो वर्षे लोक तेथे नमाज पढत आहेत आणि कोणी तक्रार केलेली नाही. आणि दुसरी, आपल्याच घरांतली. पक्ष्याच्या किंवा फळाच्या आकारात लिहिलेला बिस्मिल्लाह आपल्या कित्येकांच्या भिंतीवर असतो. त्यातले प्रत्येक अक्षर वेगळे ओळखून आपण कितीदा वाचले? आपण तो पाहतो, आणि पाहताच तो आपल्याला आठवतो. वाचणे आणि पाहणे यांच्या मधली ही जागा जुनीच आहे. नव्या चित्रकारांनी ती रुंद केली. आणि ज्यांना पवित्र मजकुराला हात लावण्याचा संकोच वाटला त्यांनी तनावलींसारखा साधा व्यवहारातला शब्द घेतला, किंवा शब्दच सोडून दिला.

शब्द सोडून देणाऱ्यांत गुलनाझ फतही यांचे नाव मुद्दाम घेतो. जन्म १९७२. आपल्या मुलींनी हे विशेष ऐकावे. १९९५ मध्ये अंजुमनने त्यांना उत्कृष्ट महिला खुशनवीस म्हणून गौरवले. ज्या क्षेत्राची सारी मोठी नावे, मी आतापर्यंत घेतली ती सगळीच्या सगळी, पुरुषांची, तेथे हे यश. येथून पुढची वाट सरळ होती. सुंदर कितआ लिहायचे, शिष्या घडवायच्या, मान मिळवायचा. त्यांनी तो रस्ता सोडला आणि चित्रे काढू लागल्या. त्यांच्या कॅनव्हासवर लिहिल्याचा भास होतो, ओळ आहे, झोत आहे, लेखणीचा दाब आहे, पण शब्द नाही. फारसी येणारा आणि न येणारा त्यांच्या चित्रापुढे सारखाच निरक्षर असतो. इतकी वर्षे शिकलेले वाचनीय अक्षर बाजूला ठेवायला केवढे धैर्य लागले असेल याची कल्पना हातात कधी बोरू धरलेल्यालाच येईल.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. इराणात नस्तालीकची भाकरी शंभर वर्षांपूर्वी गेली. आपल्या उर्दू जगात ती १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. मुंबईच्या 'इन्किलाब'सारखी दैनिके कातिब मंडळी रात्री जागून हाताने लिहीत. १९८१ मध्ये पाकिस्तानात नूरी नस्तालीक हे यंत्राचे वळण आले, मग संगणक आले, आणि दहा-पंधरा वर्षांत कातिबांच्या बैठका उठल्या. चेन्नईचे १९२७ पासूनचे 'द मुसलमान' एकविसाव्या शतकातही हाताने लिहून निघत राहिले, पण तो अपवाद. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने छपाई स्वस्त केली. सांगायचे ते इतकेच की इराणात पोटापाण्याचे काम गेल्यावर त्या हातांसाठी दुसरी जागा तयार झाली, आधी वर्गात आणि मग चित्रात. आपले कातिब घरी गेले. त्यांच्यापैकी काही अजून आहेत, आपापल्या मोहल्ल्यात लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहिताना तुम्हाला भेटतील. एखाद्या शाळेने आठवड्यातून एक तास अशा वृद्ध कातिबाला बोलावले तर खर्च फळा, खडू आणि बोरूचा. कार्यकारिणीने विचार करावा अशी माझी विनंती आहे.

आणि तुमच्यापैकी कोणी मुंबईला जाणार असेल तर डोंगरीत इमामवाडा रस्त्यावर इराणी व्यापाऱ्यांनी १८६० मध्ये बांधलेली मुघल मशीद आहे, तिच्या समोर दहा मिनिटे उभे राहा. दर्शनी भिंतीवर निळ्या फरश्यांवर लिहिलेल्या पट्ट्या आहेत. एकदम वाचायला जाऊ नका. आधी एक अलिफ शोधा. मग त्याच्या शेजारी कोण आहे ते पाहा, आणि मग तिथून पुढे डावीकडे सरका.